उचल आणि खाडा

मराठी भाषेतील काही शब्दांचा खरा अर्थ कोशात पाहून कळत नाही, तो घराची भिंत पाडून घ्यावी तेव्हाच कळतो. आणि अशा शब्दांत ‘उचल’ व ‘खाडा’ या जोडीला मी अग्रमान देतो. कामाच्या आरंभी कंत्राटदार आपल्याकडून जी रक्कम आगाऊ नेतो ती उचल, आणि ती नेल्यानंतर तो ज्या ज्या दिवशी येत नाही तो तो दिवस म्हणजे खाडा, हे ज्ञान मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, पूर्वी जेथे स्वयंपाकघर होते त्या विवरासमोर उभे असताना झाले. याची लाज मला अंमळ अधिकच वाटते, कारण सरकारच्या लेखा विभागात तेहतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या मस्टरांवर आक्षेप काढण्याचेच काम केले. मोजमापवहीत नोंद नसलेल्या एका ब्रास खडीसाठी मी एका उपअभियंत्याला दोन वर्षे पत्रव्यवहारात अडकवून ठेवले होते. आणि तोच मी स्वतःच्या घरी मात्र, पावतीवाचून आणि मोजणीवाचून, केवळ समोरच्या मनुष्याने वाकून नमस्कार केला एवढ्याच पुराव्यावर दीड लाख रुपये मोजून मोकळा झालो.

आमची सदनिका पुण्यातील एका जुन्या सोसायटीत आहे. तिचा ओटा कडाप्प्याचा, न्हाणीघराचा कोबा झिरपणारा आणि शौचकूप गुडघे शाबूत असलेल्या पिढीसाठी बांधलेले. या तिन्हींचा एकदाच जीर्णोद्धार करावा असे ठरले, चार लाख ऐंशी हजार रुपयांत आणि तीन महिन्यांत सर्व काम पुरे करण्याचा तोंडी करार झाला, आणि अक्षय्य तृतीयेला कंत्राटदारांनी उंबऱ्यावर स्वहस्ते नारळ फोडला. “काका, लिहून कशाला घ्यायचं? घरचंच काम आहे. गणपतीत काकूंनी मोदक नव्या ओट्यावर वळायचे,” असे म्हणून त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला, आणि मोदकाच्या नुसत्या उच्चाराने मनुष्याची विवेकबुद्धी किती सैल होते याचा मी तत्काळ पुरावा झालो. पाडकामास दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत घरात जो उत्साह, जी शिस्त व जी वक्तशीर उपस्थिती मी पाहिली, तिच्या बळावरच मी पुढे आणखी एक लाख आणि त्यावर सत्तर हजार असे दोन हप्ते दिले. पाडणे आणि बांधणे या कला भिन्न असून पहिलीत प्रवीण असलेला दुसरीत प्रवीण असेलच असे नाही, हा विचार मला तेव्हा शिवला नाही.

पहिला खाडा पडला तो ज्येष्ठात, माणसे पेरणीला गावी गेली म्हणून. आषाढात माणसे परतली, परंतु त्यांचा मुकादम माळकरी असल्याने तो वारीला गेला. पांडुरंगावर दावा लावता येत नाही म्हणून आम्ही स्वस्थ बसलो. श्रावणात फरशीचा टेम्पो यायचा होता तो आला नाही, आणि भाद्रपदात ज्या गणपतीच्या नावाने करार झाला होता त्याच गणपतीच्या मंडपाचे काम कंत्राटदारांच्या अंगावर आले. एवंच, वर्षाचे बारा महिने आणि त्यांतील सणवार हे गवंडीकामाच्या दृष्टीने सर्वस्वी निषिद्ध आहेत, असे एक स्वतंत्र पंचांग आम्हांस हळूहळू अवगत झाले. सौभाग्यवतीने मात्र पहिल्या दिवसापासून एक शहाणपण केले होते. ज्या खिळ्यावर आमचे कॅलेंडर असे ती भिंतच पडल्यामुळे ते बाहेरच्या खोलीच्या कडीला टांगले होते. त्यावर ती दुधाच्या खाड्यांची नोंद ज्या पद्धतीने चाळीस वर्षे करीत आली, त्याच पद्धतीने तिने गवंड्याचेही खाडे मांडले. दुधासाठी फुली आणि गवंड्यासाठी गोल. ऑगस्टच्या पानावर फुल्या दोन होत्या व गोल एकोणतीस.

या काळात आमच्या गृहस्थितीचे वर्णन करणे शिष्टसंमत नाही, तरी एवढे सांगतो की शीतकपाट शय्यागृहात व शेगडी दिवाणखान्यात आली होती, आणि पाश्चात्त्य पद्धतीचे नवे शौचपात्र, बसवणारा न आल्यामुळे, पुठ्ठ्याच्या वेष्टनासह सोफ्याशेजारी विराजमान झाले होते. एका वयोवृद्ध पाहुण्यांनी त्यास टीपॉय समजून त्यावर चहाची बशी ठेवली, आणि ती उचलून घेण्याचे धैर्य आम्हा दोघांपैकी कोणासही झाले नाही.

कंत्राटदार जाताना घमेले, थापी, ओळंबा आणि सिमेंटचे अर्धे पोते आमच्याकडे ठेवून गेले होते. पोत्याचा लवकरच धोंडा झाला, पण घमेल्याचे महत्त्व मला फार पुढे कळले. एस.टी.च्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल ज्याप्रमाणे मालक फलाटावर उसाचा रस पीत असतानाही जागेवरचा त्याचा हक्क शाबूत ठेवतो, त्याचप्रमाणे काम सोडून गेलेल्या कंत्राटदाराचे घमेले हे तो गेलेला नसून येणार असल्याचे चिन्ह होय. ज्याची पाच घरी पाच घमेली आहेत तो कोठेही नसून सर्वत्र असतो. परमेश्वराच्या व्यापकपणाविषयी वेदान्तात जे सांगितले आहे त्याचा एवढा सोपा दृष्टान्त माझ्या वाचनात नाही.

शेवटी कायद्याचा आश्रय करावा असे ठरल्यावर मी प्रथम, सर्वसामान्य मराठी मनुष्याप्रमाणे, पोलीस चौकीची पायरी चढलो. माझ्या मनात ‘चारशेवीस’ हा शब्द धुमसत होता. १८६० च्या दंडसंहितेतील हे कलम आपल्या बोलण्यात शिवीच्या पदवीला पोहोचले होते, १९५५ साली राज कपूर यांनी तर त्याला ‘श्री’ लावून त्याचा सन्मानही केला. पण १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू झाली आणि तो गुन्हा ३१८ व्या कलमात जाऊन बसला, त्यामुळे रागाच्या भरात तोंडात येईल असा आकडाच आता उरलेला नाही. चौकीतील हवालदार मनुष्य म्हणून समंजस होते. त्यांनी मला पाणी दिले आणि एकच प्रश्न विचारला. “काका, पहिल्या दिवसापासूनच फसवायचं त्याच्या मनात होतं का?”

“पहिल्या दिवशी त्यांनी नारळ फोडला,” मी प्रामाणिकपणे सांगितले.

“मग ही दिवाणी बाब झाली.”

त्यांचे म्हणणे वरकरणी टाळाटाळीचे वाटले तरी कायद्याला धरून होते. वचन देतानाच ते न पाळण्याचा कपटी हेतू असेल तर ती फसवणूक. वचन सद्हेतूने देऊन पुढे मोडले तर तो करारभंग, आणि करारभंगाला तुरुंग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. उचल घेऊन मनुष्य दुसऱ्या दिवशीच परागंदा झाला, खोटे नाव व खोटा पत्ता देऊन गेला, असे काही असते तर गोष्ट निराळी. आमच्या कंत्राटदारांनी दोन दिवस भिंत पाडून आपला सद्हेतू सिद्ध केला होता.

भाच्याने महारेराचे नाव सुचवले, परंतु तो कायदा नव्या सदनिका विकणाऱ्या प्रवर्तकांसाठी आहे. आपल्याच घराची डागडुजी करवून घेणाऱ्याचे गाऱ्हाणे त्या दाराशी ऐकले जात नाही. तेव्हा मी तळमजल्यावरील वकीलसाहेबांकडे गेलो. या गृहस्थांना वकिली सोडून दहा वर्षे झाली असली तरी सल्ला सोडण्यास ते अद्याप तयार नाहीत.

“करारनामा कुठे आहे?” त्यांनी विचारले.

“तोंडी झाला.”

“हरकत नाही,” असे म्हणून त्यांनी मला प्रथमच दिलासा दिला. १८७२ च्या करार कायद्याला तोंडी करार पूर्णपणे मान्य आहे; अडचण कराराच्या वैधतेत नसून त्याच्या शाबितीत आहे. कोणत्या मापाचा ओटा, कोणत्या जातीची फरशी, किती दिवसांची मुदत, हे सर्व कागदावर असते तर कागद बोलला असता; आता ते आम्हास बोलावे लागणार, आणि प्रतिवादीचा वकील आमची उलटतपासणी घेणार. त्याच कायद्याच्या ७३ व्या कलमाखाली करारभंगापासून स्वाभाविकपणे उद्भवणारी, किंवा करार करतानाच उभय पक्षांना ठाऊक असलेली हानी भरून मिळते, दूरची व अप्रत्यक्ष हानी मिळत नाही. हे तत्त्व ज्या इंग्रजी खटल्यावरून आले त्याची कथा वकीलसाहेबांनी रंगवून सांगितली. ग्लॉस्टर येथील एका पीठगिरणीचा दांडा मोडला, तो नमुन्यादाखल पोहोचवण्यास वाहतूकदाराने उशीर केला, गिरणी बंद राहिली, आणि गिरणीवाल्याने बुडालेला नफा मागितला. १८५४ साली कोर्टाने निकाल दिला की दांड्यावाचून गिरणी बंद पडेल हे वाहतूकदारास सांगितलेले नव्हते, सबब तो नफा त्याच्या माथी मारता येत नाही.

हे ऐकून सौभाग्यवतीने पोळी-भाजी केंद्राची बिले टेबलावर ठेवली. एकशेवीस दिवस, रोजचे एकशेऐंशी, एकूण एकवीस हजार सहाशे.

“ही मिळतील,” वकीलसाहेब म्हणाले. “ज्याचं स्वयंपाकघर तुम्ही पाडून ठेवलंत तो बाहेरचं जेवणार, हे सांगायला लागत नाही.”

“आणि दिवाळीचा फराळ विकत आणावा लागला, जावेसमोर मान खाली गेली, ते?”

वकीलसाहेबांनी क्षणभर डोळे मिटले. “वहिनी, ती ग्लॉस्टरची गिरणी झाली.”

पुराव्याचा प्रश्न निघाला तेव्हा मी माझा फोन पुढे केला. त्यात कंत्राटदारांचे ‘उद्या नक्की’ हे दोन शब्द सदतीस वेळा आलेले होते. वकीलसाहेबांनी सांगितले की हा उत्तम पुरावा आहे, मात्र २०२३ च्या साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार सोबत एक प्रमाणपत्र जोडावे लागेल, आणि त्यात सदर यंत्र त्या काळात नीट चालत होते असे लिहून द्यावे लागेल. संपूर्ण प्रकरणात नीट चालणारी ती एकमेव वस्तू असल्यामुळे मी ते आनंदाने मान्य केले. परंतु त्यांचे डोळे खरे लकाकले ते कॅलेंडर पाहून. हजेरीची तारीखवार, समकालीन, एकाच हातची नोंद. तीही दुधाच्या हिशेबाशेजारी, म्हणजे खटल्यासाठी मागाहून रचल्याचा संशय घेण्यास जागा नाही. तेहतीस वर्षे मस्टर तपासून निवृत्त झालेल्या माझ्या उपस्थितीत, मस्टर ठेवण्याबद्दल शाबासकी माझ्या कुटुंबास मिळाली.

पुढचा प्रश्न मी भाबडेपणाने विचारला, की कोर्टाने त्या मनुष्यास पकडून आणून उरलेले काम करण्याचा हुकूम द्यावा, असे नाही का होणार? नाही होणार. ज्या कामावर कोर्टाला सतत देखरेख ठेवावी लागेल ते काम करारानुसार करवून घेण्याचा हुकूम १९६३ चा विशिष्ट साहाय्य कायदा देत नाही, आणि न्यायाधीशांनी आमच्या न्हाणीघरात बादली उलटी घालून बसावे ही अपेक्षाही रास्त नव्हे. पण त्याच कायद्यात २०१८ साली जी दुरुस्ती झाली तिने २० व्या कलमात एक उत्तम वाट काढून दिली आहे. कसूर करणाऱ्यास किमान तीस दिवसांची लेखी नोटीस द्यावी. तरीही त्याने काम केले नाही तर ते तिसऱ्याकडून पुरे करून घ्यावे, आणि त्यासाठी प्रत्यक्ष आलेला खर्च पहिल्याकडून वसूल करावा. नोटीस न देता काम करून घेतले तर या कलमाचा लाभ मिळत नाही. आणि नवा गवंडी आत येण्यापूर्वी जुन्या कामाची छायाचित्रे व एखाद्या त्रयस्थ अभियंत्याकडून मोजमाप करून ठेवावे, एरवी कोणते काम कोणाचे हे पुढे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आमच्या मोजमापात झालेले काम एक लाख पंचाऐंशी हजारांचे निघाले. मी दिले होते तीन लाख वीस हजार. हा फरक मी नोकरीत असताना एखाद्या ठेकेदाराच्या बिलात सापडता, तर संबंधित कारकुनाची वेतनवाढ रोखण्याची शिफारस केली असती.

नोटीस पोच पावतीसह टपालाने गेली आणि ‘घर बंद’ या शेऱ्यासह परत आली. वकीलसाहेब म्हणाले, जपून ठेवा. योग्य पत्त्यावर रीतसर पाठवलेली नोटीस पोहोचली असे कायदा गृहीत धरतो. तीस दिवस गेले. दुसरे कंत्राटदार आले, त्यांनी उरलेल्या कामाचे तीन लाख चाळीस हजार सांगितले, या वेळी सर्व काही मुद्रांकावर लिहिले गेले, आणि सोमवारी सकाळी नऊला त्यांनी आपला गवंडी पाठवला. दार उघडून पाहतो तो तोच मनुष्य, ज्याच्या नावाचे एकोणतीस गोल ऑगस्टच्या पानावर होते! त्याने आम्हास राम राम घातला, कोपऱ्यातील घमेले आपले म्हणून ओळखले, आणि ज्या फरशीपाशी पाच महिन्यांपूर्वी हात थांबला होता तिच्या शेजारची फरशी घेऊन तो कामाला लागला. कायद्याच्या दृष्टीने हे ‘तिसऱ्या पक्षाकडून केलेले काम’ होते.

दुपारी चहाच्या वेळी त्यानेच मला या धंद्याचे अर्थशास्त्र समजावले. “काका, तुमच्या उचलीतनं शेटनी आधीच्या घराचं काम उरकलं. तुमचं काम पुढच्या घराच्या उचलीतनं व्हायचं होतं. ते पुढचं घर मोडलं, मग आम्हाला पगार नाही, मग आम्ही दुसरीकडं.” म्हणजे ज्या रकमेने माझा ओटा व्हायचा होता तिच्यावर कोणा अपरिचित कुटुंबाचे मोदक वळले जात होते, आणि माझे मोदक ज्याच्या पैशाने वळले जायचे तो शहाणा मनुष्य ऐन वेळी मागे फिरला होता. फसवण्याचा हेतू नव्हता हे हवालदारांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कंत्राटदार हा लबाड मनुष्य नसून एका घराची वीट दुसऱ्या घराला लावणारा एक चिरंतन कर्जदार होता, आणि त्याच्या सावकारांत मी बिनव्याजी पहिला होतो.

दिवाणी कोर्टात जाण्यास तीन वर्षांची मुदत होती, परंतु आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातच सुरू केली असल्याने त्या वाटेवर आम्हास थोडा स्थानिक अभिमानही वाटला. घर बांधून देणे ही ‘सेवा’च आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौच्या एका प्रकरणात ठरवले आहे, काम अर्धवट टाकणे ही त्या सेवेतील त्रुटी. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील देण्याची सक्ती नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. शक्यतो तीन महिन्यांत निकाल लावावा असेही त्यात लिहिले आहे. तीन महिने हा कालावधी कंत्राटदार आणि कायदा या दोघांनाही सारखाच प्रिय असून, त्याचा अर्थही दोघांकडे सारखाच लवचीक आहे.

प्रतिवादीने आपली कैफियत तीस दिवसांत, फार तर आणखी पंधरा दिवसांत दिली पाहिजे, त्यापुढे सवलत नाही, असे घटनापीठाने २०२० मध्ये सांगितले आहे. आमच्या कंत्राटदारांची कैफियत चव्वेचाळिसाव्या दिवशी आली. मुदतीत पुरे केलेले ते त्यांचे पहिलेच काम. तिच्यात एक मुद्दा असा होता, की प्रतिवादीने काम सोडलेलेच नाही. त्याचे घमेले, थापी व ओळंबा अद्याप तक्रारदाराच्या ताब्यात असून त्यावरून त्याचा परत येण्याचा इरादा स्पष्ट होतो. रुमाल असा अखेर न्यायपीठासमोर आला. आयोगाने कॅलेंडर पाहिले, गोल मोजले, आणि उभय पक्षांच्या लेखी संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले.

माझे नुकसान जादा खर्चाचे एक लाख ऐंशी हजार आणि पोळी-भाजीचे वेगळे. तडजोड झाली एक लाख पस्तीस हजारांवर, पंचेचाळीस हजारांच्या तीन हप्त्यांत, आणि आयोगाने तिच्याप्रमाणे आदेश दिला. दोन हप्ते आले, तिसऱ्याचा खाडा पडला, आणि सौभाग्यवतीने कॅलेंडरवर एक नवा गोल काढला. तेव्हा वकीलसाहेबांनी कंत्राटदारांना ७२ व्या कलमाची आठवण करून देणारे चार ओळींचे पत्र लिहिले. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो असे ते कलम आहे. जो तुरुंग करार मोडल्याबद्दल नव्हता तो आदेश मोडल्याबद्दल आहे, हे कळताच तिसरा हप्ता चार दिवसांत जमा झाला.

या साऱ्या खटाटोपातून मी जे शिकलो ते मला तेहतीस वर्षे पगारी ठाऊक होते. सरकार भले आळशी असो, ते आधी मोजते व मग देते, आणि दिल्यावरही काही टक्के अनामत म्हणून मागे ठेवते; म्हणून सरकारी रस्त्याचा ठेकेदार रस्ता वाईट करील, पण बिल निघेपर्यंत घमेले टाकून जात नाही. कायदा तुमचा पैसा परत आणू शकतो, गवंडी आणू शकत नाही. गवंड्याला आणतो तो न दिलेला हप्ता. तेव्हा वाचकहो, भिंत पाडण्यापूर्वी एक पान लिहून घ्या, त्यावर कामाचे टप्पे आणि त्या त्या टप्प्याचा पैसा मांडा, काम नेहमी पुढे आणि पैसा एक पाऊल मागे चालू द्या, आणि कॅलेंडर अशा भिंतीवर टांगा की जी पाडायची नाही.

मोदक पुढल्या गणपतीत नव्या ओट्यावर वळले. घमेल्यात सौभाग्यवतीने ओवा लावला आहे. ते परत नेण्यास अद्याप कोणी आलेले नाही.